३० पैकी २९ मिळालेल्या माझ्या भावाची दुसरी तपासणी

पुण्यात कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर न्यूरोसायकॉलॉजीचं, म्हणजे मेंदूच्या दुखण्याचा विचारांवर आणि वागण्यावर काय परिणाम झाला ते तपासायचं, छोटं क्लिनिक आहे. दोन खोल्या, तपासणी करणाऱ्या एक मॅडम, आणि फोन घ्यायला एक मुलगी. माझ्या धाकट्या भावाची, नंदूची, तिथे तपासणी झाली त्याला सात महिने झाले. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. मॅडम एकट्या आहेत, आत्ताच पाच आठवडे नंबर लागत नाही. मला लिहायचं आहे ते अशा तपासणीबद्दल. डोक्याच्या पुढच्या भागाला मार लागलेला माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांना ती कशी असते, किती पैसे पडतात आणि नीट झाली हे कशावरून ओळखायचं, एवढं कळावं. आम्हाला हे सांगणारं कुणी भेटलं नाही, त्यात पाच महिने गेले.

आमचा अप्पा बळवंत चौकाजवळ छापखाना आहे, वडिलांपासूनचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, दिवाळीच्या आधी कॅलेंडरं. मी मशीन आणि कागद बघतो. नंदू, वय ४४, गिऱ्हाईक बघायचा. कुणाच्या पत्रिकेत आत्याचं नाव राहिलं तर रुसवा होईल, कुणाला उधारी द्यायची, कुणाकडून आधी निम्मे घ्यायचे, हे सगळं त्याच्या डोक्यात. वही फक्त नावाला.

अपघात झाला तेव्हा तुळशीचं लग्न होऊन हंगाम नुकता सुरू झाला होता. वारज्यात पत्रिकांचे गठ्ठे पोचवून येताना बायपासच्या सेवा रस्त्यावर त्याची स्कूटर घसरली आणि कपाळ दुभाजकावर आपटलं. हेल्मेट डिकीत होतं. रुग्णालयात आणलं तेव्हा ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे त्याचा आकडा, ११ होता. तो ३ ते १५ असा मोजतात, १५ म्हणजे पूर्ण शुद्धीवर. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या दोन्ही फ्रंटल लोबना, म्हणजे कपाळामागच्या भागाला, मुका मार आणि रक्ताचे ठिपके. ऑपरेशन लागलं नाही. पुढचे नऊ दिवस तो आमच्याशी बोलत होता, जेवत होता, पण त्यातलं त्याला आज काहीच आठवत नाही. ही आठवण नसलेल्या दिवसांची संख्या फार महत्त्वाची असते, हे आम्हाला कोथरूडच्या मॅडमनी विचारलं तेव्हा कळलं. तुमच्या घरी असं झालं असेल तर ते दिवस मोजून कुठेतरी लिहून ठेवा. मार किती खोल आहे त्याचा तो एक अंदाज असतो.

सोळाव्या दिवशी नंदू चालत घरी आला. हातपाय ठीक, बोलणं ठीक. आम्ही पेढे वाटले.

सहा आठवड्यांनी एका मोठ्या रुग्णालयात दाखवायला नेलं. तिथे एका शिकाऊ डॉक्टरांनी दहा मिनिटांची ३० मार्कांची चाचणी घेतली. आज तारीख काय, वार कोणता, आपण कुठल्या मजल्यावर आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, १०० मधून ७ वजा करत जा. नंदूला २९ मिळाले. फाईलवर लिहिलं, आकलन नॉर्मल. ‘कामाला लागू दे,’ असं आम्हाला सांगितलं. ही चाचणी १९७५ सालची, एमएमएसई नावाची. स्मृतिभ्रंश किंवा गोंधळलेली अवस्था चटकन ओळखायला ती बरी. पण कपाळामागचा मेंदू जी कामं करतो, म्हणजे आधी काय मग काय हे ठरवणं, मोह आवरणं, एक सोडून दुसरं धरणं, चुकलं तर वळणं, त्यातलं तिच्यात जवळपास काही नाही. शिकाऊ डॉक्टरांचा दोष काढत नाही, त्यांच्यामागे पन्नास माणसं रांगेत होती. पण त्या २९ आकड्याने आमचं फार नुकसान केलं. त्यानंतर नंदू जे काही करायचा ते आम्ही आळस, माज किंवा हलगर्जीपणा म्हणून धरलं.

आणि तो करायचा तरी काय? शुद्धलेखन अजून पक्कं. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक प्रूफातून सुटत नव्हती. पण प्रूफ वाचून झालं की ते हातात धरून बसून राहायचा, प्लेट करायला द्यायचंच नाही. दुपारी चारला मी विचारलं की म्हणायचा, ‘हो दादा, देतो,’ आणि तिथेच बसायचा. एका आठवड्यात सहा कामं अर्धी उघडून ठेवली. एका व्यापाऱ्याने गोड बोलून आर्ट पेपरच्या ४० रिमा गळ्यात मारल्या. आम्हाला १० पुरतात. सगळ्यात वाईट म्हणजे बोलणं. आमच्याकडे गिऱ्हाईक वीस वर्षांचं असलं तरी अहो-जाहो सुटत नाही. नंदू सगळ्यांना ‘तू’ म्हणायला लागला. मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आलेल्या एका बाईंच्या यजमानांच्या नावामागे ‘कै.’ होतं. ते मोठ्याने वाचून तो हसला. त्या बाई काही न बोलता उठून गेल्या. संध्याकाळी मी त्याच्यावर ओरडलो, तर तो मनापासून म्हणाला, ‘मी काय वाईट बोललो?’

त्याच सुमारास स्मिताने, नंदूच्या बायकोने, मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘दादा, हे घरी आलेत असं मला वाटतच नाही.’ तिनेच मग फिटच्या गोळ्या देणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून कोथरूडचा पत्ता मिळवला.

आता तपासणी.

एकूण तीन बैठका आणि शेवटी निकाल समजावायची एक भेट. सगळे मिळून ९,५०० रुपये, रिपोर्टसकट. मेडिक्लेममधून आम्हाला काही परत मिळालं नाही, कारण भरती झालेलो नव्हतो. रक्कम लहान नाही. पण नुसत्या त्या ४० रिमांत याहून जास्त पैसे अडकले होते.

पहिल्या दिवशी चाचणी अशी काही झालीच नाही. मॅडमनी तासभर आम्हा तिघांना ऐकलं, मग स्मिताला आणि मला नंदूशिवाय वेगळं बसवलं. मला ते आधी चोरटं वाटलं, पण आता कळतं की ते लागतंच. फ्रंटल मार लागलेल्या माणसाला आपल्यात काय बदललं ते बऱ्याचदा दिसतच नाही. तो लपवत नसतो, त्याला खरोखर दिसत नसतं. आणि त्याच्यासमोर घरची माणसं खरं बोलत नाहीत. शाळा किती, घरात भाषा कोणती, उजवा की डावखुरा, आधीचा स्वभाव कसा, दारू, झोप, गोळ्या, सगळं विचारलं. फिटसाठी चालू असलेल्या गोळीनेही चिडचिड वाढू शकते, म्हणून तिचं नाव आणि डोस लिहून घेतला. मन खचलंय का, हेही तपासलं. उदास माणूसही हळू चालतो, बसून राहतो. ते कशामुळे हे वेगळं काढावं लागतं.

मग त्यांनी विचारलं, ‘वास येतो का?’

हे आम्हाला पाच महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. नंदू म्हणाला, येतो की. मॅडमनी त्याला डोळे मिटायला सांगून कॉफीच्या पावडरीची बाटली नाकाशी धरली. काही नाही. लवंग, काही नाही. मला एकदम आठवलं, घरी आल्यावर पहिल्यांदा प्रेसमध्ये आला तेव्हा तो म्हणाला होता, शाई बदललीस का, वास नाही या शाईला. मॅडमनी समजावलं ते असं. वासाच्या नसा फ्रंटल लोबच्या थेट खालून जातात आणि कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून नाकात उतरतात. डोकं आपटलं की त्या तुटू शकतात. आणि त्या जागी कवटीचा तळ खडबडीत असतो, म्हणून मेंदूचा खालचा पुढचा भाग तिथेच घासला जातो. वास गेला असेल तर त्या भागालाही धक्का बसला असण्याची शंका घ्यावी. ज्याने संकोच सुटतो, जीभ सैल होते, तो हाच भाग. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात गॅसगळती कळवणारं यंत्र बसवलं.

दुसऱ्या बैठकीला सव्वादोन तास लागले, मध्ये चहाची सुट्टी. आम्ही बाहेर. चाचण्यांतले प्रश्न मी इथे लिहिणार नाही. मॅडमनी तशी विनंती केली होती आणि मला ती पटली. पाठ करून गेलेल्या माणसाची तपासणी काय कामाची? प्रकार तेवढे सांगतो. आकडे ऐकून सरळ आणि उलटे म्हणणं. एका मिनिटात एका अक्षराने सुरू होणारे शब्द. नंदूने कागद, कात्री, कंपोज, कटिंग असे सहा शब्द भराभर सांगितले, मग पुन्हा कागद, पुन्हा कात्री, आणि गप्प. छापखान्याच्या बाहेर त्याला जाताच आलं नाही. रंगाचं नाव एका रंगात आणि छपाई दुसऱ्या रंगात, ती वाचायची नाही, शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूप नावाच्या माणसाने १९३५ मध्ये काढलेली ही युक्ती. छपाईतल्या माणसाला ती सोपी जाईल असं मला वाटलं होतं. नाही गेली. मुठीच्या, तळहाताच्या हालचाली एका क्रमाने करणं, ही रशियातल्या लुरिया या मेंदूतज्ज्ञांच्या परंपरेतली. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर त्यांनी मोठं काम केलं. आणि पत्ते लावायचा एक प्रकार, ज्यात पत्ते कशावरून जुळवायचे, रंगावरून की आणखी कशावरून, हा नियम न सांगता बदलतो आणि तो तुम्ही ‘बरोबर’, ‘चूक’ एवढ्यावरून ओळखायचा असतो.

या पत्त्यांबद्दल मॅडमनी नंतर जे सांगितलं ते माझ्या मनात राहिलंय. नियम बदलल्यावर नंदू तोंडाने म्हणाला, ‘आता रंग चालत नाही वाटतं,’ आणि हाताने पुन्हा रंगावरच पत्ता लावला. पुन्हा ‘चूक’. पुन्हा रंगावर. असं फ्रंटल शस्त्रक्रिया झालेल्या माणसांत कॅनडाच्या संशोधक ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्येच दाखवून दिलेलं आहे. तोंडाला कळलेलं हातापर्यंत पोचत नाही.

तरीही, आणि हे मुद्दाम लिहितो, या खोलीतल्या बऱ्याच चाचण्यांत नंदूचे आकडे त्याच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या माणसासारखेच आले. स्मरणशक्ती चांगली. बुद्ध्यांक आधीसारखाच असावा असा. शब्द, रंग आणि पत्ते कमी, पण अगदी कोसळलेले नाहीत. आकडे कुणाशी ताडून पाहिले तेही मी विचारलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेने २००४ मध्ये भारतीय माणसांवरून वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष असे तक्ते तयार केले आहेत, मुख्यतः ते वापरतात. हा प्रश्न तुम्हीही विचारा. मराठीतून शिकलेल्या, प्रिंटिंगचा डिप्लोमा केलेल्या माणसाला अमेरिकेतल्या पदवीधराच्या आकड्यांशी ताडलं तर तो उगाच नापास होईल, आणि उलटही होऊ शकतं.

तपासणी इथेच थांबली असती तर आमच्या हाती पुन्हा ‘जवळपास नॉर्मल’ आलं असतं. फरक झाला तो तिसऱ्या बैठकीने.

तिसरी बैठक रस्त्यावर झाली.

शनिवारी सकाळी अकरा वाजता मॅडमनी नंदूच्या हातात एक कागद आणि १०० रुपये दिले. (तपशील थोडे बदलून लिहितो.) त्याच गल्लीत आणि कोपऱ्यापर्यंतच्या दुकानांतून तीन वस्तू आणायच्या: निळं पेन, एक लिफाफा, सहा लिंबं. दोन गोष्टी शोधून आणायच्या: औषधाचं दुकान रात्री किती वाजता बंद होतं, आणि सराफाच्या पाटीवर आज सोन्याचा भाव काय आहे. पंधरा मिनिटं झाली की बसथांब्यावर येऊन मॅडमना वेळ सांगायची. एका दुकानात दोनदा शिरायचं नाही. यादीत नाही ते घ्यायचं नाही. मोठा रस्ता ओलांडायचा नाही. झालं की ‘झालं’ म्हणायचं. मॅडम वही घेऊन थोड्या अंतरावर चालणार, मदत करणार नाहीत. मी समोरच्या फुटपाथवर.

नंदूने कागद एकदा वाचला. ‘सोपं आहे,’ म्हणाला.

स्टेशनरीच्या दुकानात पेन घेतलं, लिफाफा घेतला, तिथपर्यंत उत्तम. मग काउंटरवर लग्नपत्रिकांचे नमुने दिसले. त्याने एक उचलला, बोटांनी चोळला आणि दुकानदाराला म्हणाला, ‘तुला हा तीनशे जीएसएम म्हणून दिलाय का? हा अडीचशेच आहे.’ (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जाडीचा अंदाज. अडीचशेच असणार. त्याची बोटं अजून चुकत नाहीत.) पुढची बारा मिनिटं कागदावर गप्पा. बाहेर आला तो बसथांब्यासमोरून सरळ पुढे गेला, घड्याळ बघितलं नाही. लिंबं सहाच्या ऐवजी बारा घेतली, डझनाने स्वस्त पडतात म्हणून. औषधाच्या दुकानासमोर उभा राहिला आणि आत न जाता मागे वळून पुन्हा स्टेशनरीवाल्याकडे गेला, हे दुकान कधी बंद होतं ते विचारायला. येताना सुरळीच्या वड्या दिसल्या. मॅडमना आवडतील म्हणून त्या घ्यायला गेला, पैसे कमी पडले तर खिशातले घातले. सराफाकडे बघितलंच नाही. पस्तीस मिनिटांनी येऊन हसत म्हणाला, ‘झालं!’

मॅडमनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, ‘कागदावर काय काय होतं, सांगाल का?’

नंदूने सगळं सांगितलं. तीन वस्तू, दोन प्रश्न, पंधरा मिनिटं, सगळे नियम. क्रमाने, जवळपास शब्दशः.

मी फुटपाथवरून ते ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाच महिने मी त्याला ‘तुला कितीदा सांगायचं’ एवढं एकच वाक्य ऐकवत होतो. त्याला सगळं माहीत होतं. माहीत असलेलं वेळेवर करण्याच्या कामी येत नव्हतं, आणि जखम नेमकी त्या जागी होती.

ही फिरती चाचणी मॅडमच्या मनची नाही. लंडनच्या टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या संशोधकांनी १९९१ मध्ये असेच तीन रुग्ण अभ्यासले. बुद्धीच्या चाचण्यांत उत्तम, आणि बाजारात चार कामं करायला पाठवलं की विस्कटणारे. खोलीत का जमतं, तेही मॅडमनी सांगितलं. खोलीत शांतता असते, समोर एकच काम असतं, सुरू करा, थांबा, आता पुढचं हे सांगायला कुणीतरी बसलेलं असतं. म्हणजे रुग्णाच्या कपाळामागचं निम्मं काम तपासणाराच करून देतो. छापखान्यात ते कोण करणार? म्हणून माझं स्पष्ट मत असं: फ्रंटल मार लागलेल्या माणसाची तपासणी नुसती टेबलाशी झाली आणि घरच्यांना काही विचारलं नाही, तर ती अर्धीच झाली, रिपोर्ट कितीही जाड असो. सगळीकडे बाजारात नेणं जमत नाही हे मला ठाऊक आहे. मग निदान सहा कामं ठरावीक वेळात वाटून करायची असतात तसल्या, मोकळ्या ठेवलेल्या चाचण्या घेता का, हे विचारा.

घरच्यांना विचारण्याचाही एक तक्ता असतो. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४. एक प्रत रुग्ण स्वतःबद्दल भरतो, तीच दुसरी घरचं माणूस त्याच्याबद्दल भरतं. नंदूने स्वतःला ११ दिले. स्मिताने त्याला ४९ दिले. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या की आकड्यांपेक्षा मधलं अंतर बघा, तेवढं त्यांना स्वतःबद्दल दिसत नाहीये. स्मिता तिथे पहिल्यांदा रडली. तिला वाटत होतं, आपणच कुरकुऱ्या झालोय.

निकालाच्या भेटीत मॅडमनी फिनिअस गेजची गोष्ट सांगितली. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट. रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा हा पंचवीस वर्षांचा मुकादम. सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी कांब गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. पण त्याचे डॉक्टर हार्लो यांनी लिहून ठेवलंय की माणूस इतका बदलला, मालकांनी त्याला जुनी जागा परत दिली नाही. इथपर्यंतची गोष्ट मी कुठेतरी ऐकली होती. पुढची नव्हती. नंतर हाच गेज चिलीमध्ये कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, रोज तेच क्रम. बाहेरून घडी घालून दिली की आतली घडी मोडलेला माणूसही काम करू शकतो, एवढ्यासाठी मॅडमनी ती सांगितली.

रिपोर्टमधल्या शिफारशी म्हणूनच आमच्या धंद्याला धरून होत्या. ‘व्यायाम करा, कोडी सोडवा’ असलं काही नाही. नंदूच्या टेबलावर एका वेळी एकच काम, बाकीची पाकिटं माझ्याकडे. प्रत्येक पाकिटावर जॉबकार्ड, चौकटी ठरलेल्या: प्रूफ वाचलं, गिऱ्हाइकाची सही, प्लेट, छपाई, कटिंग. एक चौकट भरल्याशिवाय दुसरी नाही. फोनवर तासाला गजर, आणि गजर वाजला की स्वतःला विचारायचं, ‘मी आत्ता काय करत होतो?’ खरेदीच्या चेकवर दोघांच्या सह्या. कटिंग मशीनला हात नाही, दुचाकी नाही, दोन्ही पुढच्या तपासणीपर्यंत. आणि फोनखाली एक चिठ्ठी: ‘अहो. तुम्ही. आधी ऐकायचं.’ मॅडमच्या निरीक्षणांत पहिल्याच पानावर होतं की पहिल्या वीस मिनिटांत रुग्ण त्यांना ‘तू’ म्हणाला आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही. हे कुठल्याही परदेशी चाचणीत नसणार. आपल्या भाषेत वाढलेल्या माणसालाच ते खुपतं.

सात महिन्यांत काय झालं? जॉबकार्ड चाललं, अगदी पहिल्या महिन्यापासून. अर्धी कामं आता पडून राहत नाहीत. गजर अर्धाच चालला. तो वाजतो, नंदू बंद करतो, कधी विचार करतो, कधी नाही. बोलण्यात थोडा फरक आहे. गिऱ्हाईक समोर असेल आणि चिठ्ठी डोळ्यांपुढे असेल तर अहो-जाहो टिकतं, घाईत सुटतं. त्या ‘कै.’वाल्या बाईंकडे मी आणि स्मिता जाऊन आलो, रिपोर्टातलं एक वाक्य त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी पत्रिका दुसरीकडे छापून घेतली होती, पण आम्हाला चहा दिला.

आता क्लिनिकच्या उणिवा, त्याही सांगायला हव्यात. लिफ्ट दोनदा बंद होती आणि जिना चढा आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला तोल सांभाळायला त्रास असू शकतो, हे त्यांनाच सर्वांत जास्त माहीत असायला हवं. तपासणीच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, हॉर्न आत येतात. लक्ष मोजायच्या खोलीत असं नको. नंदू एकदा हॉर्नमुळे थांबला तर मॅडमनी तेवढा भाग नंतर पुन्हा घेतला, पण खिडकी बदलायला हवी. रिपोर्ट ११ पानी आणि सगळा इंग्रजीत. मला जेमतेम कळला, स्मिताला नाही, आणि रोज नंदूबरोबर राहायचं तिला आहे. मी मागितल्यावर मॅडमनी शेवटची दोन पानं मराठीत हाताने लिहून दिली. न मागता ती मिळायला हवीत. आणि निकालाच्या भेटीला पाऊण तास कमी पडतो. एवढं ऐकल्यावर प्रश्न घरी गेल्यावर सुचतात. पंधरा दिवसांनी फोनवर दहा मिनिटं तरी ठेवा, असं मी त्यांना सांगितलंय.

जाणार असाल तर काही गोष्टी. तपासणाऱ्याचं शिक्षण बघा: क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. भरतीच्या वेळची फाईल, सीटीच्या फिल्म आणि गोळ्यांची यादी न्या. चष्मा न्या, ऐकू कमी येत असेल तर आधीच सांगा. माणूस अजून दिवस-वार विसरत असेल, गोंधळलेला असेल, तर मोठी तपासणी घाईने करू नका, ती वाया जाते. सकाळची पहिली वेळ मागा. मार लागलेला मेंदू दुपारपर्यंत दमतो आणि मग थकवाच मोजला जातो. आदल्या रात्री झोप नीट झाली नसेल तर फोन करून दिवस बदलून घ्या. आणि कुणी वर्षात तीनदा चाचण्या करू म्हणालं तर कारण विचारा. त्याच त्या चाचण्या लवकर पुन्हा घेतल्या की सरावानेच आकडे वाढतात.

नंदूची दुसरी फेरी पुढच्या महिन्यात आहे, काही चाचण्या पर्यायी संचातल्या असतील. तारीख आम्ही त्याला एकदाच सांगितली होती. परवा बघितलं तर प्रेसच्या भिंतीवर, आमच्याच कॅलेंडरवर, त्या चौकटीत त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘कोथरूड. चष्मा, फाईल.’ लिहून ठेव असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. वेळ दहाच्या ऐवजी अकरा लिहिली होती, ती स्मिताने दुरुस्त केली.